हातावर न दिलेले मीठ

हे नारायणा, सहस्र नावांच्या धन्या, ज्याने ज्या भाषेत हाक मारली त्याला त्याच भाषेत ओ देणाऱ्या, आरंभी तुला वंदन. कोणी तुला हात जोडून बोलावतो, कोणी हात पसरून, कोणी नुसते डोळे मिटून. आणि बाबा रे, तुझा उच्चार नीट आहे का, असे तू कोणालाही विचारत नाहीस. भरतीबरोबर खाडीत येणारा तू, ओहोटीला बांधावर पांढरी रेघ ठेवून जाणारा तू. ज्या एका पदार्थावाचून मालकाचे ताट आणि हमालाचे ताट सारखेच बेचव, त्या पदार्थाची हकीकत सांगायची आहे. जिभेवर बैस, आणि सांगणे माणसाच्या मापाचे राहू दे.

ही हकीकत अंजूर गावच्या ठकुबाई दौलत भोईर यांची. वय सत्तरीला टेकलेले, नऊवारी घट्ट, आवाज त्याहून घट्ट. मानकोलीच्या नाक्यावर, जिथे महामार्ग सोडून ट्रक गोदामांच्या रस्त्याला वळतात, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची खाणावळ आहे. खाणावळ चालवण्याची गरज त्यांना नाही, हे आधी सांगितले पाहिजे. घरच्या शेतात आता भाताऐवजी गोदामे उभी आहेत आणि त्यांचे भाडे महिन्याच्या महिन्याला येते. मुलगा दीपेश वर्षानुवर्षे सांगतो, "आये, बस कर आता. लोकं मना बोलतात, दीपेश गोदामाचा मालक आनि आय नाक्यावर भाकऱ्या थापते." त्यावर ठकुबाईंचे उत्तर ठरलेले आहे. "लोकांना सांग, हात रिकामा बसला की तोंड चालतं. माझं तोंड तुज्या बायकोवर चालू दे का?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दीपेश तांदळाची पोती स्वतःच शेडवर टाकून जातो.

तांदळाची भाकरी, भात, वरण, एखादी भाजी, बाजारात मिळाली तर सुकट किंवा बोंबील. जेवण साधे. पण तिथे पहिल्यांदा जेवणारा माणूस पहिल्या घासालाच थांबतो, कारण जेवण जवळजवळ अळणी असते. हे चुकून होत नाही. ठकुबाई सगळ्या भांड्यांत मीठ अर्धेच घालतात. त्यांचे म्हणणे असे की, कापडाच्या लूमवर सावलीत काम करणाऱ्याचे मीठ वेगळे, दिवसभर उन्हात गोणी वाहणाऱ्याचे वेगळे, समुद्राकाठच्या माणसाचे वेगळे, डोंगराकडच्याचे वेगळे. सगळ्यांच्या जिभेचे माप एका पातेल्यात कसे बसेल? म्हणून ज्याला हवे त्याने मागावे. मागितले की चिनी मातीची पांढरी बरणी आणि लाकडी पळी घेऊन ठकुबाई स्वतः उठतात आणि ताटाच्या कडेला मीठ वाढतात.

त्या मागण्याचीच त्यांना गोडी. त्याला एक कारण आहे, आणि ते समजायला थोडे मागे जावे लागेल.

ठकुबाई मिठागरातली मुलगी. अंजूरच्या खाडीकडेला त्यांच्या वडिलांचे, काळूराम यांचे, मिठागर होते. भरतीचे पाणी बांधाआत घ्यायचे, वाफ्यांत उन्हाने आटू द्यायचे, आणि पाण्यावर पांढरी साय धरली की फावड्याने ओढून ढीग लावायचे. सहाव्या-सातव्या वर्षापासून त्या कामात त्यांचे पाय भेगाळले. पुढे लग्न झाले ते दौलत भोईरांशी. दौलत मुंबई बंदरात बार्जवर खलाशी होते. मोठ्या जहाजांवरचा माल बार्जवर घ्यायचा आणि धक्क्याला आणायचा, हे त्यांचे काम. देशोदेशीचे खलाशी भेटत. नव्या नवरीसाठी काही न्यावे असे दौलतना वाटे, पण हौसेच्या वस्तू घेण्याचे ते दिवस नव्हते. मग त्यांनी एक वेगळीच भेट शोधून काढली. परदेशी जहाजावरच्या स्वयंपाक्याला ते खुणेने मीठ दाखवीत, त्याच्या भाषेतला शब्द विचारीत, आणि आठवड्याने घरी आले की बायकोला सांगत.

"आज अरबाचं जहाज होतं. तो मिठाला मिल्ह बोलतो."

"आनि गेल्या खेपेचा?"

"तो रशियाचा. सोल. त्याच्या आधीचा स्पेनचा, तो बोलला साल."

"सोल नि साल बहिनी बहिनी दिसतात," ठकुबाई भाकरी उलटत म्हणाल्या.

मोंबासाच्या स्वयंपाक्याकडून चुम्वी आले. फ्रान्सच्या जहाजावरून सेल आले. मलायाच्या एका खलाशाने गारम असे सांगितले तेव्हा मात्र ठकुबाईंनी विश्वास ठेवला नाही. "तो मसाला सांगत आसंल. तू परत विचार." दौलत बिचारे पुढच्या खेपेला पुन्हा विचारून आले. गारमच होते. ती गंमत त्या घरात कितीतरी वर्षे पुरली, जेवण अळणी झाले की दौलत गंभीरपणे म्हणत, "ठकू, थोडं गारम दे."

आणि ठकू ते त्यांच्या ताटात ठेवी. हातात कधीच नाही. कारण मीठ हातावर दिले की देणाऱ्या-घेणाऱ्यांत भांडण होते, ही आपल्याकडची समजूत, आणि मिठागराच्या घरात ती समजूत कायद्याइतकी पक्की. काळूराम आपल्या सख्ख्या भावालाही मीठ देताना ते खाली ठेवीत आणि मग भाऊ उचलून घेई. ठकुबाईंनी आयुष्यभर तेच केले. नवऱ्याशी तेच, मुलाशी तेच, दारात मागायला आलेल्या शेजारणीशी तेच. भांडण नको, म्हणून हात नको. रीतीमागची माया एवढीच होती.

दौलत गेले. मिठागरांची जागा भरावाने घेतली, भरावावर गोदामे आली, आणि जो समुद्र दौलत शोधायला जात तो ट्रकमध्ये बसून नाक्यावर येऊ लागला. ठकुबाईंनी शेड टाकली ती त्याच सुमाराला. तमिळ ड्रायव्हर आला, उप्पु म्हणाला. आंध्रचा आला, उप्पु. कानडी, उप्पु. केरळचा, उप्पु. "चार घरं, पन हाक एकच," ठकुबाई खूष होऊन म्हणाल्या. लूमवर काम करणारा बिहारी भाऊ नून म्हणाला, नेपाळी वॉचमनही नुनच म्हणाला. पंजाबी ट्रकवाल्याने लूण सांगितले आणि वर लोणच्याची फर्माईशही केली. गुजरातच्या व्यापाऱ्याचे मीठुं ऐकून त्यांना आपल्याच माहेरचा माणूस भेटल्यासारखे वाटले. मणिपूरच्या एका पोराने थुम असे एका श्वासात सांगितले, तेव्हा त्यांनी ते तीनदा म्हणवून घेतले.

दीपेशची मुलगी उन्नती मानकोलीच्याच एका गोदामाच्या कार्यालयात कामाला आहे. तिने एकदा आजीला फोनवर जगभरचे शब्द काढून दाखवले. जपानी शिओ म्हणतात, तुर्की तुझ म्हणतात, हंगेरीत शो म्हणतात, चीनमध्ये येन. ठकुबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि फोन परत केला.

"यातला एक पन मी धरनार न्हाय."

"का गं आजी?"

"फोन जेवतो का? जो माझ्याकडं जेवतो आनि मागतो, त्याचाच शब्द माझा."

किती तोंडे, किती उच्चार, आणि पदार्थ एकच! ठकुबाईंना वाटे, शब्द मिळाला की माणूस मिळाला. ज्याचा शब्द आपल्याला येतो, तो माणूस आपला झाला. हा विश्वास भाबडा नव्हता. परक्या नाक्यावर, परक्या शेडमध्ये, थकलेल्या माणसाने आपल्या आईच्या भाषेतला एक शब्द म्हातारीच्या तोंडून ऐकावा, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा दिवसभराचा ताण सैल व्हावा, हे त्यांनी रोज डोळ्यांनी पाहिले होते. तरीही तो विश्वास एका दुपारी अपुरा पडला.

सोमाय हांसदा हा ओडिशातल्या मयूरभंजकडचा माणूस. उन्नती ज्या गोदामात काम करते तिथेच ट्रकमधला माल उतरवण्याच्या टोळीत तो नवा आला होता. तिशीचा, अंगाने सडपातळ, बोलणे जवळजवळ नाहीच. टोळीबरोबर तो ठकुबाईंकडे जेवायला येऊ लागला. इतर पहिल्याच दिवशी मीठ मागत; हा मागेना. अळणी भात खाली मान घालून खाई, हात धुई आणि जाई. ठकुबाईंचा जीव तिथे अडकला. या माणसाचा शब्द अजून मिळाला नव्हता.

"तो ओडिशाचा हाय ना?" त्यांनी उन्नतीला विचारले.

"हो. कागदावर तसंच आहे."

"मंग लुण बोलत आसंल. मागं एक ओडिशाचा यायचा, तो लुण बोलायचा. पन मागू तर दे त्याला."

आणि एका दुपारी त्याने मागितले. शेड भरलेली होती. सोमाय लांबच्या बाकावर बसला होता. ताट तिथेच ठेवून तो उठला, ठकुबाईंच्या समोर आला, आणि काही न बोलता त्याने उजवा तळहात पसरला. डोळ्यांनी बरणीकडे दाखवले.

ठकुबाईंना केवढा आनंद झाला. "लुण? लुण?" त्या मोठ्याने म्हणाल्या. आपल्याला त्याची भाषा येते हे त्याला कळावे म्हणून. सोमायचा हात तसाच. ठकुबाईंनी पळी भरली, आणि सवयीने, विचार न करता, ती त्या पसरलेल्या तळहाताला वळसा घालून बाजूला नेली. बाकाच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्राचा तुकडा होता, त्यावर मीठ ठेवले आणि बोट दाखवले. "तिथून घे."

सोमायने आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिले. मग कागदाकडे. मागून कोणीतरी हसून म्हणाले, "उठा लो भाई, नीचे से उठा लो." ते नेहमीचे गिऱ्हाईक होते, ठकुबाईंची रीत त्याला ठाऊक होती, म्हणून तो हसला. सोमायला ती ठाऊक नव्हती. त्याने हात मागे घेतला, बाकावरचे अर्धे ताट तसेच सोडले, नळावर हात धुतला आणि निघून गेला.

ठकुबाईंना वाटले, ट्रक आला असेल, घाई असेल. पण कागदावरचे मीठ तिथेच राहिले, ते त्यांना बरे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी टोळी आली, सोमाय आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी उन्नती कामावरून परतताना शेडवर थांबली. पर्स बाकावर ठेवून ती आजीजवळ बसली, आणि पर्सचा बंद उगाच बोटाला गुंडाळू लागली, तेव्हाच ठकुबाईंनी ओळखले की काही घडले आहे.

"बोल."

"आजी, तो सोमाय. तो आता इथे येणार नाही. डब्यात चुडा, म्हणजे पोहे, आणतो, पाण्यात भिजवून खातो. आणि त्याने मुकादमाला सांगितलंय, मला काल्हेरच्या टोळीत टाका म्हणून. सोमवारपासून जातोय."

"कशाला? माझं जेवन आवडलं न्हाय?"

"जेवण नाही गं. त्याच्या सोबत्याने सांगितलं. तो म्हणाला, बुढ़िया हमको हाथ नहीं लगाती. ते संथाल आहेत, आदिवासी. त्याच्या लहानपणी गावाजवळच्या दुकानात दुकानदार या लोकांच्या हातात सामान द्यायचा नाही. पायरीवर ठेवायचा. यांनी खालून उचलायचं. त्याला तेच आठवलं."

ठकुबाईंनी हातातली परात खाली ठेवली.

"मी कुनाच्याच हातात देत न्हाय. तुज्या बापाच्या हातात देत न्हाय. तुज्या आजोबाच्या हातात जल्मात दिलं न्हाय."

"मला माहीत आहे. त्याला कसं माहीत असणार?"

"मंग जाऊन सांग त्याला."

उन्नतीने सांगितले. सोमायने ऐकून घेतले आणि म्हणाला, "ठीक है, दीदी. कोई बात नहीं." ज्या माणसाला बोलणे वाढवायचे नसते तो जसे म्हणतो, तसे. दुसऱ्या दिवशीही तो आला नाही.

सोमायचे ते उत्तर ऐकल्यापासून ठकुबाईंना जेवण जाईना. आपल्या शेडमधून एक माणूस ताट अर्धे सोडून उठला, तोही मिठापायी, मिठागराच्या लेकीच्या दारातून! आता तो काल्हेरला जाईल. आणि तिथून पुढे कुठेही जाईल, तिथे तिथे मनात एक म्हातारी घेऊन जाईल, जिने त्याचा हात टाळला. त्या म्हातारीला ठकुबाई ओळखत नव्हत्या. पण तिला त्यांचाच चेहरा होता.

"आणि आजी, अजून एक," उन्नती म्हणाली. "त्यांची भाषा ओडिया नाहीच. संथाली आहे. तू लुण लुण केलंस, तो त्याचा शब्द नव्हताच. त्याच्या सोबत्याला मी विचारून आले. सांगू, त्यांच्यात मिठाला काय म्हणतात?"

"नको."

"अगं, तोच शब्द जाऊन म्हण. त्याला बरं वाटेल."

"शब्दानं बरं वाटायचं दिवस गेलं. तू मना सांगू नको. सांगायचा आसंल तर तो सांगंल."

श्रोते हो, इथे क्षणभर थांबू. एक शब्द देशोदेशी कसा फिरतो, वेष बदलतो, घर बदलतो, आणि तरी त्याचा अर्थ बदलत नाही, याचे आपल्याला कौतुक वाटते, आणि वाटावेच. सोल म्हणा, उप्पु म्हणा, चुम्वी म्हणा, वस्तू पुढे येते. पण वस्तू देणारा हात शब्दाबरोबर फिरत नाही. तो आपल्या गावीच राहतो. अंजूरला जो हात भांडण टाळण्यासाठी मागे जातो, तोच हात दुसऱ्या गावच्या माणसाला हाकलणारा दिसतो. शब्दाचे भाषांतर ठकुबाईंना आयुष्यभर जमले होते. रीतीचे भाषांतर त्यांच्यापुढे प्रथमच आले होते, आणि ते फोनमध्ये नव्हते, बार्जवरच्या दौलतकडेही नव्हते.

शनिवारी दुपारी त्यांनी दीपेशला बोलावले.

"गाडी काढ. गोदामात जायचं हाय."

"कुठल्या? आपल्या?"

"पोरीच्या."

"आये, शेड बंद करून? शेड तू कवा बंद केलीस? माझ्या लग्नाला पन केली न्हवतीस."

"तुज्या लग्नाला वऱ्हाड इथंच जेवलं होतं. काढ गाडी."

स्कूटरवर मागे बसून, मांडीवर झाकलेले ताट आणि काखेत चिनी मातीची बरणी, अशा ठकुबाई गोदामाच्या फाटकाशी उतरल्या. पहारेकरी बरणी उघडून बघू लागला. "काय आहे यात?" "तुज्या आयनं जे घालून तुला वाढवलं ते," ठकुबाई म्हणाल्या. उन्नती धावत आली आणि तिने त्यांना आत घेतले.

जेवणाची सुट्टी होती. माल उतरवण्याच्या फलाटाखाली, सावलीत, पुठ्ठे पसरून टोळी बसली होती. सोमाय थोडा बाजूला, डब्यातला भिजलेला चुडा खात होता. ठकुबाईंना पाहून तो उठायला लागला. ठकुबाईंनी हाताने बस म्हटले, आणि गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, त्याच्याच पुठ्ठ्यावर जाऊन बसल्या. दीपेश फलाटाला टेकून उभा राहिला. उन्नती मागे.

ठकुबाईंची हिंदी नाक्यावरची. त्या म्हणाल्या, "बेटा, सुन. हमारे में नमक हाथ पे देते नहीं. हाथ पे दिया तो झगड़ा होता है. मेरा बाप भी नहीं देता था. ये मेरा बेटा हाय, इसको भी नहीं देती."

"मेरेको आज तक नहीं दिया," दीपेश म्हणाला. "पूरे गाँव को पूछ लो."

सोमायने दोघांकडे पाहिले. "सबको ऐसे ही देती हो?"

"सबको."

तो डब्याचे झाकण लावू लागला. मग खाली बघत, एकेक शब्द शोधत म्हणाला, "हमारे उधर का दुकानदार भी यही बोलता था. बोलता था, रीत है, बुरा मत मानो."

उन्नतीने आजीकडे पाहिले. ठकुबाईंनी जे समजावायला म्हणून आणले होते ते सगळे एका वाक्यात निकामी झाले होते. त्याच्यापुढे रीतीचे कारण आधीच एकदा येऊन गेले होते, आणि तेही असेच गोड बोलून. आता त्यांच्या रीतीत आणि त्या दुकानदाराच्या रीतीत फरक आहे, हे सांगून पटणार नव्हते. ते दिसायला हवे होते.

ठकुबाईंनी बरणीचे झाकण काढले. पळी बाजूला ठेवली.

"झगड़ा तो अपना हो गया ना?" त्या म्हणाल्या.

सोमायला कळले नाही.

"हाथ पे दिया तो झगड़ा होता है, इसलिए नहीं देती. पर झगड़ा तो बिना दिये ही हो गया. अब काहे का डर? हाथ आगे कर."

"आये," दीपेश मागून हळूच म्हणाला.

"तू गप."

सोमायने हात पुढे केला. सकाळपासून पेट्या उचलून त्याचा तळवा काळवंडला होता, चिकटपट्टीचा डिंक बोटांना लागला होता. ठकुबाईंनी डाव्या हाताने त्याचा हात खालून धरला, बरणीत उजव्या हाताची तीन बोटे घातली, आणि मिठाची चिमूट त्याच्या तळव्यावर ठेवली. ठेवून बोटे लगेच काढली नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मीठ हातावर दिले. दीपेश सांगतो, तेव्हा आईला भीती वाटत होती हे त्याला स्पष्ट दिसले. देवाघरी गेल्यावर बाप भेटला आणि त्याने विचारले तर काय सांगायचे, ही ती भीती. तरी हात मागे आला नाही.

मग त्यांनी ताटावरचे फडके काढले. भात, वरण, दोन भाकऱ्या, बोंबलाचे कालवण. सोमायने तळव्यावरचे मीठ भातावर टाकायला घेतले. टाकता टाकता थांबला, अर्धे राखले, आणि ते ठकुबाईंपुढे धरले. "तुम भी खाओ. अकेला नहीं खाऊँगा."

ठकुबाईंनी तळवा पसरला. त्याने त्यावर मीठ ठेवले. मिठागराच्या लेकीने दुसऱ्याच्या हातून आपल्या हातावर मीठ घेतले, आणि त्या पुठ्ठ्यावर दोघे एका ताटात जेवले.

"अब दुगना झगड़ा होगा," ठकुबाई भाकरी मोडत म्हणाल्या.

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. घास चावून झाल्यावर, कोणी न विचारता, बरणीकडे बोट करून म्हणाला, "बुलुङ."

"क्या?"

"हमारे में. इसको बुलुङ बोलते हैं."

"बुलूं," ठकुबाई म्हणाल्या.

सगळी टोळी हसली. "बुलूं नहीं मावशी, बुलुङ. नाक से." "बुलुंग." "नहीं, नहीं." सोमायने त्यांना ते तसेच शिकवले जसे कधी त्यांनी मणिपूरच्या पोराकडून थुम म्हणवून घेतले होते, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. जमले तेव्हा सुट्टी संपल्याची शिट्टी वाजली होती.

सोमाय काल्हेरला गेलाच. मुकादमाने नावे ठरवून टाकली होती, ती बदलेनात. पण काल्हेर फार दूर नाही. रविवारी सुट्टी असते, रिक्षा मिळते. पुढच्याच रविवारी दुपारी शेडच्या दारात तो उभा राहिला आणि आत पाऊल टाकण्याआधी बाहेरूनच मोठ्याने म्हणाला, "मावशी, बुलुङ." ठकुबाई बरणी घेऊन उठल्या. पळी घेतली नाही.

तेव्हापासून त्या शेडची व्यवस्था थोडी बदलली आहे. नवा माणूस जेवायला आला की ठकुबाई त्याला ताट देण्याआधी स्वतः जाऊन सांगतात: आमच्यात मीठ हातावर देत नाहीत, भांडण होते म्हणून, वाईट मानू नको, ताट पुढे कर. आधी रीत सांगायची, मग शब्द विचारायचा. पूर्वी रीत सांगायचीच राहून जाई. आणि सगळ्यांना मीठ ताटातच मिळते, दीपेशलाही, अजूनही. हातावर फक्त एकालाच.

आणि तो आला की भांडण होते, कारण मीठ हातावर दिल्यावर भांडण व्हायलाच हवे, असा आता दोघांचा नियम आहे. "मावशी, चावल जला दिया." "तू देर से आया, चावल क्या करेगा?" "पिछले हफ्ते भी जला था." "पिछले हफ्ते तूने तीन बार लिया, तब नहीं जला था?" शेडमधले लोक जेवण थांबवून ऐकतात. दीपेश कपाळाला हात लावतो. भांडण पुरेसे झाले असे वाटले की ठकुबाई बरणीचे झाकण लावतात, आणि मग दोघेही जेवायला बसतात.

हे नारायणा, ज्याने तुला हाक मारली त्याच्या उच्चाराकडे तू पाहिले नाहीस. तसाच या घराकडे पाहा. ठकुबाईंच्या गुडघ्यांना बळ दे, आवाजाला धार असू दे, चिनी मातीची ती बरणी रिकामी होऊ देऊ नकोस. दीपेशची गोदामे भरलेली असोत आणि त्याच्या आईवरच्या तक्रारी कधी न संपोत. उन्नतीला असे घर मिळो जिथे ती बोलली तर ऐकले जाईल. काल्हेरच्या त्या वाटेवर सोमायला सुखरूप ने, आणि मयूरभंजच्या त्याच्या घरी चूल पेटती ठेव. या सगळ्यांच्या ताटात रोज अन्न असो, अन्नात मीठ असो, आणि भांडण कधी झालेच तर ते जेवणाआधी संपो.